प्रश्नावली भरून झाल्यावर

ताई,

मी समाजशास्त्रात एम.ए. करते आहे. पहिलं वर्ष संपत आलंय. गाव सांगोल्याजवळ, इथे पुण्यात वसतिगृहात राहते. उपयोजित समाजशास्त्राच्या पेपरसाठी आम्हाला पर्वतीच्या उतारावरच्या एका वस्तीत पाणी आणि स्वच्छतेबद्दल चाळीस घरांचं सर्वेक्षण करायचं होतं. एका घरातल्या मावशी सगळ्या प्रश्नांची उत्तरं देऊन झाल्यावर म्हणाल्या, “तुझ्याआधी तिघी येऊन गेल्या. सगळ्यांनी हेच विचारलं. पाणी अजून पहाटे चारलाच येतंय. तू हे लिहून नेऊन काय करणार?” मला काही बोलता आलं नाही. प्रकल्पाला चांगली ग्रेड मिळाली, पण तो प्रश्न डोक्यातून जात नाही. वडील एसटीत वाहक आहेत. ते म्हणतात, हा विषय सोड आणि एमपीएससीची तयारी कर. मैत्रीण म्हणते, लोकांसाठी काही करायचंय तर एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, कर. या विषयातून खरंच कुणाचं काही होतं का? दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊ की नको?

— एक विद्यार्थिनी, पुणे

प्रिय मैत्रिणी,

दुसऱ्या वर्षाला प्रवेश घे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं तू निवांतपणे वाचशील.

मावशींचा प्रश्न बोचला म्हणून विषय सोडावा असं तुला वाटतंय. मला मात्र तुझं पत्र वाचून वाटलं की तुझा विषय त्या दारातच सुरू झाला. वर्गात आपण नमुना कसा निवडायचा, प्रश्न कसे लिहायचे, तक्ते कसे मांडायचे हे शिकतो. ही उत्तरं शेवटी कुणाच्या टेबलावर जाणार आणि त्या खुर्चीतल्या माणसाच्या हातात नेमकं काय आहे, हे ठरवून मगच प्रश्नावली लिहायला घ्यायची, हे फार कमी ठिकाणी शिकवलं जातं. ‘उपयोजित’ म्हणवणाऱ्या पेपरमध्ये तर ते पहिल्याच तासाला यायला हवं. ते आलं नसेल तर त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नकोस.

तुझी प्रश्नावली मी पाहिलेली नाही, पण अशा पुष्कळ वाचल्या आहेत. ‘पाणी पुरेसं येतं का? होय / नाही.’ चाळीसपैकी तीस घरांनी ‘नाही’ म्हटलं, तरी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातला अभियंता त्या आकड्याचं काहीही करू शकत नाही. त्याच घरांमध्ये पाणी किती वाजता येतं, किती मिनिटं टिकतं, एका नळावर किती चुली आहेत, उताराच्या वरच्या गल्लीत आणि खालच्या गल्लीत किती फरक पडतो, पाणी भरायला पहाटे कोण उठतं आणि त्या मुलीची शाळा किती वाजता असते, हे विचारलं असतं तर तोच कागद बोलू लागला असता. वरच्या गल्लीत दाब पोचत नसेल तर त्याला काही उपाय असतो. वेळ बदलणं कुणाच्या तरी अखत्यारीत असतं. महापालिका २००६ पासून नागरिकांकडून आपापल्या भागातली कामं अंदाजपत्रकासाठी सुचवून घेते. अशा अर्जाला गल्लीवार आकडे जोडलेले असले तर तो सहजासहजी बाजूला ठेवता येत नाही.

आता त्या आधीच्या तिघींकडे वळू, कारण मला तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तीच वाटली. तिघी येऊन गेल्या, म्हणजे त्याच वस्तीची तीन सर्वेक्षणं कुठल्या तरी विभागाच्या कपाटात पडून आहेत. ती शोध. तुझ्याच विभागात विचार, शेजारच्या महाविद्यालयांत विचार, एमएसडब्ल्यूच्या संस्थांमध्ये विचार. मावशींना आठवत असेल तर त्या मुली कुठून आल्या होत्या तेही विचार. तीन वेगवेगळ्या वर्षांचे आकडे आणि चौथे तुझे एकत्र ठेवलेस, तर पाणी कधी सुधारलं, कधी बिघडलं, नळ वाढले की फक्त माणसं वाढली, हे दाखवणारी गोष्ट तुझ्या हाती येईल. मला हा दुसऱ्या वर्षाच्या प्रबंधिकेचा उत्तम विषय वाटतो. शिवाय मावशींना पाचव्यांदा तेच उत्तर द्यायला लावायची गरज उरणार नाही.

हे काम पुण्यात नवं नाही. डॉ. हॅरॉल्ड मान हे इथल्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून ती १९१७ साली छापली. जुनी दप्तरं चाळून त्यांनी दाखवलं की १७७१ मध्ये गावातलं सरासरी जमीनधारण ४० एकर होतं, ते १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आलं. आज त्या शिवारात उंच इमारती आहेत आणि हिंजवडीत काम करणारी मुलं तिथे भाड्याने राहतात. पुढे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली इथल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचा आर्थिक भाग १९४५ साली आणि समाजशास्त्रीय भाग १९५२ साली आला. त्यानंतर १९५६ मध्ये त्याच संस्थेची फेरपाहणी प्रसिद्ध झाली. फेरपाहणी करता आली, कारण आधीच्यांनी घरं कशी निवडली, कुणाला काय विचारलं, हे व्यवस्थित लिहून ठेवलं होतं. तुझ्या चाळीस घरांबद्दल तू एवढं लिहून ठेवलं आहेस का? कुठल्या गल्ल्या, कुठली तारीख, किती वाजता, किती दारं बंद मिळाली? नसेल लिहिलं तर आजच बस आणि आठवतंय तोवर लिहून काढ.

‘कुणाचं काही होतं का’ याचं उत्तर तुला रोज सकाळी वसतिगृहाच्या फाटकाशी दिसत असेल. एसएनडीटी विद्यापीठाच्या इथल्या प्रौढ शिक्षण विभागातल्या बायका कचरावेचक बायकांबरोबर काम करायला लागल्या आणि त्यातून १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांचं बळ तिच्या पाठीशी होतं. कचरा वेचणाऱ्यांत बहुसंख्य दलित बायका. १९७२च्या दुष्काळात गाव सोडून आलेली कित्येक घरं त्यांत होती. सोसायटीच्या दाराशी आल्या की चोर म्हणून हटकल्या जायच्या. पालिकेने त्यांची ओळखपत्रं मान्य केली ती संघटनेच्या रेट्यामुळे. मग विद्यापीठातल्या अभ्यासकांनी आणि पंचायतीने मिळून एक पाहणी केली. तिच्यातला एक प्रश्न माझ्या मते फार हुशारीने निवडलेला होता. या बायका गरीब आहेत, त्यांचे हात कापतात, पोरं शाळेत जात नाहीत, हे तर सगळ्यांना ठाऊकच होतं. पाहणीने त्याच्या जोडीला हेही मोजलं की या बायका जेवढा माल वेचून भंगारात नेतात, तेवढा पालिकेला स्वतः उचलून वाहून न्यावा लागला असता तर किती खर्च आला असता. म्हणजे शहर त्यांना काय देतं याच्याबरोबर त्या शहराला काय देतात याचाही हिशेब मांडला गेला. हा आकडा समोर ठेवून बोलणारी बाई पालिकेच्या दालनात दया मागायला आलेली नसते. पुढे पालिकेने त्यांच्या आरोग्य विम्याचा भार उचलला आणि २००८ मध्ये त्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार झाला. आजही तो करार दर वेळी भांडून टिकवावा लागतो, हेही खरं. पण भांडायला त्यांच्याकडे संघटना आहे, हिशेब आहे आणि तो हिशेब करताना वापरलेली पद्धत आहे. तू वर्गात शिकतेस ती हीच पद्धत.

आणि ती तुला वाटते तितकी कोरडी नाही. सकाळी अकराला वस्तीत गेलं की म्हाताऱ्या बायका आणि बेकार तरुण भेटतात. धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बायका दुपारी दोन-अडीचला परततात आणि बिगारी रात्रीच घरी असतात. अकरा वाजताच्या सर्वेक्षणातून वस्तीचं जे चित्र निघतं ते वस्तीचं नसतंच. ‘इथे किती वर्षं राहता?’ हा साधा वाटणारा प्रश्न घे. झोपडीला संरक्षण मिळण्यासाठी राज्यात १ जानेवारी २००० ही तारीख वर्षानुवर्षं लोकांच्या डोक्यावर टांगलेली आहे. नंतर २०११पर्यंतच्या झोपड्यांसाठी पैसे भरून घर मिळण्याची तरतूद झाली. अशा ठिकाणी हातात वही घेतलेली अनोळखी मुलगी वर्षं विचारते, तेव्हा माणूस तुला उत्तर देत नसतो, तो झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाला उत्तर देत असतो. खोटं बोलतो असं मी म्हणणार नाही, तो घर वाचवतो. ‘घरात किती जण?’ विचारलं की कुणी शिधापत्रिकेवरची नावं सांगतं, कुणी एका चुलीवर जेवणारी माणसं मोजतं, कुणी गावी ठेवलेल्या मुलांना धरतं, तर कुणी लग्न झालेल्या पण माहेरी परत आलेल्या मुलीला वगळतं. हे ओळखणं, त्याप्रमाणे प्रश्न बदलणं, आणि आकड्याच्या शेजारी तो आकडा कसा आला हे लिहिणं, यासाठी समाजशास्त्र लागतं. नुसतं सॉफ्टवेअर येणाऱ्याला हे जमत नाही.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवणार नाही. चांगला अभ्यास झाला म्हणजे न्याय झाला, असं होत नाही. डेक्कन कॉलेजात समाजशास्त्राची परंपरा उभी करणाऱ्या इरावती कर्वे यांनी जाई निंबकर यांच्याबरोबर कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी केली, ती १९६९ साली छापून आली. राज्याचा पुनर्वसनाचा कायदा १९७६चा आहे. तरी कोयनेच्या धरणग्रस्तांची आंदोलनं त्यानंतर कित्येक दशकं चालू राहिली. पाहणी करणाऱ्याच्या हातात निर्णय नसतो, आणि हे सहन करायला शिकावं लागतं. पण काळ थोडा पुढेही सरकला आहे. २०१३च्या भूसंपादन कायद्याने जमीन घेण्याआधी त्या लोकांवर काय परिणाम होईल याचा अभ्यास करणं आणि त्यावर जनसुनावणी घेणं बंधनकारक केलं. महाराष्ट्राने २०१८च्या दुरुस्तीने काही प्रकल्पांना त्यातून सूट देण्याची वाट काढली, ते मला अजिबात पटलेलं नाही. तरी जिथे हा अभ्यास होतो तिथे तो करायला माणसं लागतात, आणि गावात दोन दिवस जीप फिरवून अहवाल लिहिणाऱ्यांच्या जागी नीट शिकलेली माणसं असावीत असं मला कळकळीने वाटतं.

मैत्रिणीचं म्हणणं चूक नाही, फक्त ते तुझ्या प्रश्नाचं उत्तर नाही. एमएसडब्ल्यूमध्ये आठवड्यातले ठरावीक दिवस संस्थेत किंवा वस्तीत प्रत्यक्ष काम असतं. माणसाशी, कुटुंबाशी, गटाशी कसं काम करायचं याचं ते प्रशिक्षण आहे. पुण्यातली कर्वे समाज सेवा संस्था १९६३ पासून ते देते आहे. एखादी बाई अडचणीत आहे आणि तिच्यासोबत पोलीस चौकीत जावं, असं तुला आतून वाटत असेल तर तिकडे जा. अशा बायकांची संख्या याच वस्तीत का वाढते, हे तुला झोपू देत नसेल तर आहेस तिथेच राहा. तुझं पत्र मला दुसऱ्या प्रकारचं वाटलं.

आता वडिलांचं. एसटीच्या पगारावर मुलीला पुण्यात शिकवणाऱ्या माणसाला नोकरीची काळजी वाटली तर त्यात वावगं काय? त्यांना ‘पैसा सगळं नसतो’ असलं काही सांगू नकोस. खरं चित्र सांग. प्राध्यापकीची वाट सध्या अवघड आहे. नेट किंवा सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा होऊनही तासिका तत्त्वावर वर्षं काढणारी माणसं तुझ्याच महाविद्यालयात असतील, त्यांच्याशी बोल. नेटमध्ये जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना ३७,००० रुपये मिळतात आणि पीएचडी करता येते, पण त्या जागा मोजक्या असतात, म्हणून त्या एकाच आशेवर बसू नये. दुसरी वाट संस्थांची: आरोग्य, पाणी, शिक्षण, घरं यांवर काम करणाऱ्या संशोधन संस्था आणि सर्वेक्षण करणाऱ्या कंपन्या. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले, तेव्हापासून त्या खर्चाचं मूल्यमापन हेही एक काम झालं आहे. हिंजवडी-बाणेरच्या आयटी कंपन्या अॅप वापरणारी माणसं कशी वागतात हे समजून घ्यायला समाजशास्त्राची मुलं घेतात. तिथे पगार बरा असतो. संस्थांमध्ये सुरुवातीला कमी असतो आणि काम बहुतेकदा प्रकल्प संपेपर्यंतचंच असतं. पहिली दोन-तीन वर्षं ओढाताणीची जातील, हे गृहीत धरूनच घरी बोल.

एमपीएससीला माझा विरोध नाही. राज्यसेवा परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे आणि तिच्यात यूपीएससीसारखाच ५०० गुणांचा वैकल्पिक विषय आहे. समाजशास्त्र त्यासाठी घेता येतं. त्यामुळे एम.ए. पूर्ण केल्याने ती वाट बंद होत नाही, उलट अर्धी तयारी होते. हे वडिलांना जरूर सांग. माझी हरकत आहे ती पदवी अर्धवट टाकून सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत जागा धरण्याला. तिथे उमेदीची वर्षं घालवून रिकाम्या हाताने परतणारी मुलं आपण सगळेच पाहतो. परीक्षा द्यायची तर किती वेळा द्यायची हे आज वडिलांसमोर ठरव आणि पाळ.

उन्हाळ्याच्या सुट्टीत संख्याशास्त्र पक्कं कर. समाजशास्त्राची मुलं त्याला घाबरतात आणि मग आयुष्यभर दुसऱ्याने काढलेल्या तक्त्यांवर विसंबून राहतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं पुणे जिल्ह्याचं तथ्यपत्रक मिळव, ते देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली होतं. त्यातला एकेक आकडा कुणाला विचारून आला असेल याचा विचार करत वाच. २०२७च्या जनगणनेत प्रत्येकाची जात नोंदली जाणार आहे. पूर्ण जातवार मोजणी याआधी १९३१ साली छापली गेली होती. ते आकडे बाहेर येतील तेव्हा ते शहाणपणाने वाचणारी आणि मराठीत समजावून सांगणारी माणसं आपल्याकडे किती असतील, याची मला खरोखर चिंता वाटते. तू त्या वेळी पंचविशीच्या आसपास असशील.

मराठीत लिही, हेही आग्रहाने सांगते. तुझा प्रकल्प इंग्रजीत असेल तर त्यातलं दोन पानांत बसेल एवढं सोप्या मराठीत उतरव. नावं काढून टाक, घर ओळखू येईल असं काही ठेवू नकोस. ती पानं घेऊन वस्तीत जा आणि बायका दुपारी घरी असतील त्या वेळी वाचून दाखव. ‘हे असं नाही’ म्हणून त्या दुरुस्त्या सांगतील, त्या लिहून घे. मग त्यांच्यापैकी कुणी यायला तयार असेल तर तिच्याबरोबर क्षेत्रीय कार्यालयात जा, अर्ज दे आणि पोच घे. एकटी जाऊ नकोस, आणि पाणी मिळवून देईन असं कुणाला सांगूही नकोस. ते तुझ्या हातात नाही. काय सापडलं ते दाखवायला पुन्हा येईन, एवढा शब्द देता येतो आणि तो पाळता येतो.

प्रबंधिकेचा विषय जूनच्या आत ठरव आणि मार्गदर्शक निवडताना वस्तीत जाऊन काम केलेल्या शिक्षकांना आधी भेट. जुन्या तिन्ही प्रकल्पांची कल्पना त्यांच्यापुढे मांड. कपाटं उघडायला परवानगी लागेल, ती विभागप्रमुखांकडून लेखी माग. त्या तिघींपैकी एखादी सापडली तर तिलाही फोन कर. तिने भरून घेतलेल्या मूळ प्रश्नावल्या घरच्या माळ्यावर असण्याची शक्यता बरीच आहे.

— तुझी ताई